चौथी खिडकी

तळघराला चार खिडक्या. चारही लोखंडी,
काँक्रीट ओततानाच भिंतीत पुरलेल्या,
म्हणजे त्या काढायच्या नसतातच, कापायच्या असतात.
ऑर्व्हिल चौकटीच्या मधोमध करवत चालवतो,
मी पहारीनं दोन्ही अर्धे आत वाकवते,
आणि शंभर वर्षांचा गंज
माझ्या बाह्यांत, दातांत, डब्यातल्या पावात.

घर डुलुथचं, उतारावरचं,
रस्त्याकडून दीड मजली, सरोवराकडून तीन.
ऑक्टोबर संपत आलेला. सिमेंट धरायला
हिमाआधीच्या चार रात्री हव्यात,
रेडिओ दोनच देतोय.

"गुण्या पेटीतच ठेव," ऑर्व्हिल म्हणतो,
"या घरात काटकोन कामावर येत नाही."
रुंदी तीन ठिकाणी मोजायची,
उंची तीन ठिकाणी,
आणि सगळ्यात लहान आकडा खरा धरायचा.
हे शिकून मला दोन वर्षं झाली.
आता बाकीचंही बरंच काही मी तसंच मोजते.

घरमालक वेइक्को निस्काला, वय एक्याऐंशी.
त्याला काचेच्या विटा हव्यात, चारही ठिकाणी.
उजेड येतो, चोर येत नाही, वारा येत नाही,
आणि बाहेरचं दिसत नाही.
शेवटचं त्यानं दोनदा सांगितलं.

तीन झाल्या. चौथीच्या बाहेर वीतभर खड्डा,
त्यात मेपलची कुजलेली पानं, टेनिसचा चेंडू,
आणि एक बेडूक, जो हलायला तयार नव्हता.
त्याला फावड्यावरून नेऊन झुडपाखाली ठेवला.
काच वरच्या कोपऱ्यात तडकलेली,
तड्यावर पिवळी पडलेली चिकटपट्टी,
तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी.
लांबीचा दगड झालेला.
ट्रकात टाकली तशी काच फुटली. फुटायचीच होती.

मग भोक उघडं ठेवून आम्ही जेवायला बसलो.
म्हातारा त्याच्या बाकाशी,
जिथं बोटींच्या मोटरी दुरुस्त करत
चाळीस वर्षं गेली.
वरून टपालवालीचे बूट गेले.
"नवी आहे," तो म्हणाला. "उजव्या पायावर भार देते."
मग एक कुत्रा.
"याचा मालक गेला, आता मुलगी फिरवते."
घराच्या पायात एवढीच जागा होती,
पाय दिसण्यापुरती.
चेहरे त्यानं नंतर वर जाऊन जोडले,
काहींचे कधीच नाही.

"सिल्वी हाक मारत नसे," तो पावाकडे बघत म्हणाला.
"बागेतून यायची, लाल रबरी बूट,
बुटाचं टोक काचेवर दोनदा. म्हणजे जेवायला चल.
एकदा जरा जोरात लागलं. सत्त्याहत्तर साली.
भांडण होतं. मोटरीवरून, की तिच्या भावावरून."

ऑर्व्हिलनं माझ्याकडे पाहिलं. मी ट्रककडे.
"राहू द्या," आम्ही काही बोलायच्या आधीच तो म्हणाला.
"पट्टी तीनदा बदलली.
काच बदलायला सवड झाली नाही."

दुपारी विटा रचल्या. खालची ओळ सरळ,
वरची आम्ही सरळ दिसेल अशी.
चार वाजता उजेड उतरायला लागला.
मी बाहेरून ओल्या फडक्यानं
काचेवरची सिमेंटची साय पुसत होते.
कंबर ताठली म्हणून उठले, तोल गेला,
बूट विटेला लागला. एकदाच.

आत तो डब्यांतून स्क्रू निवडत होता.
तो आवाज थांबला.

काचेच्या विटेतून कोण ते कळत नाही.
कोणीतरी आलंय, एवढं कळतं.

मी तशीच उभी राहिले,
किती वेळ, ते मोजलं नाही.
मग ऑर्व्हिलनं पोती मागितली, रात्रीच्या हिमासाठी,
आणि आम्ही खिडकी झाकली.